तुझा प्रश्न कुठे आहे?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

परदेशी विद्यापीठांच्या अर्जासाठी लिहिलेल्या तुझ्या हेतुनिवेदनाचा, म्हणजे एसओपीचा, मसुदा रात्री वाचला. तेव्हाच उत्तर लिहायला बसले असते तर तू रडली असतीस, म्हणून सकाळी लिहितेय.

"मॅडम, हे फार पर्सनल झालंय की कमी पडतंय?" असं तू विचारलंयस. दोन्ही नाही. त्यात तू भरपूर आहेस, तुझा संशोधनाचा प्रश्न कुठेच नाही. शाळेत असतानाचा दुष्काळ, आईचे कष्ट, बारावीचे मार्क, एनएसएसचं शिबिर, पायथनचा कोर्स, पुण्यातली इंटर्नशिप आणि शेवटी देशाचं ऋण. आणि सहाव्या परिच्छेदात, कुणाच्या नजरेस पडू नये अशा बेतानं, एकच वाक्य: औशाजवळच्या गावात नाला खोलीकरणानंतर काही विहिरींची पातळी पूर्वीपेक्षा लवकर उतरताना दिसली.

अगं, हे हाताशी असताना बाकीचं लिहिलंसच कशाला?

खोलीकरण झालं की पाणी वाढतं, असं सगळे धरून चालतात. २०१४ च्या अखेरीस जलयुक्त शिवार सुरू झालं, तेव्हापासून जेसीबीचे आणि तुडुंब नाल्यांचे फोटो आपण पाहतोय. तू मात्र टेप घेऊन विहिरींवर फिरलीस. सरकारची भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते, तू दर पंधरा दिवसांनी मोजल्यास. आणि तुला दिसलं की नाल्यालगतच्या विहिरी दिवाळीत भरलेल्या आणि संक्रांतीनंतर तळाला. का? आपला बेसॉल्ट, म्हणजे काळा पाषाण, थराथरांचा. वरचा मुरूम आणि झिजलेला खडक पाणी धरतो. खालच्या घट्ट पाषाणात फटी असतील तेवढंच पाणी. खोदता खोदता तो वरचा थरच कापला गेला, तर विहिरींच्या बाजूचं पाणी उलट नाल्याकडे पाझरून वाहून जाऊ शकतं. की शेजारच्या शिवारात नव्या बोअर पडल्या म्हणून पातळी उतरली? की ऊस वाढला? तुझ्या आकड्यांवरून हे ठरत नाही. ठरत नाही म्हणूनच तर तुला पुढे शिकायचंय! हेच लिही. काय पाहिलं, काय कळलं नाही, ते कळण्यासाठी कुठली पद्धत शिकायला हवी आणि ती त्या विभागात कोण वापरतं. 'मला जलशास्त्रात रस आहे' हे वाक्य मला पुन्हा दिसता कामा नये. अर्ज करणाऱ्या प्रत्येकालाच रस असतो. प्रश्न थोड्यांकडे असतो, आणि तुझ्याकडे तो आहे.

आता ती पाण्याची रेल्वे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला गाडी आली तेव्हा तू बाबांबरोबर बघायला गेली होतीस, हे मला माहीत आहे. तरीही पहिला परिच्छेद तिला द्यायचा नाही. तो प्रसंग अख्ख्या लातूरचा आहे, त्या वर्षीच्या प्रत्येक वर्तमानपत्राचा आहे. विहिरींची वही फक्त तुझी आहे. तू ज्या ॲरिझोना विद्यापीठात अर्ज करतेयस ते टुसानला, वाळवंटात आहे. तिथल्या भूजलाच्या प्राध्यापकाला टंचाई म्हणजे काय ते तू समजावून सांगणार? त्याला तुझे आकडे दे. रेल्वे ठेवायचीच असेल तर एका वाक्यात ठेव, तीही प्रश्नाला धरून: त्या उन्हाळ्यानंतर गावानं पाण्यासाठी काय काय केलं आणि त्यातलं काय तू मोजलंस.

वाचणारा माणूस कोण आहे याचा विचार तुम्ही मुलं करतच नाही. त्याच्यासमोर अर्जांचा ढीग आहे आणि स्वतःचं काम खोळंबलेलं आहे. पीएचडीला किंवा थिसिसवाल्या एमएसला फंडिंग बऱ्याचदा कुणाच्या तरी प्रोजेक्टमधूनच येतं. म्हणजे तो बघतोय की माझ्या प्रोजेक्टचे पैसे या मुलीवर घातले तर ती कामाला लागेल का, अडली तर काय करेल. तुझी जिद्द त्याला विशेषणांतून कशी दिसणार? भर उन्हात पंधरवड्याला मोजलेल्या विहिरींतून ती दिसते. 'पॅशनेट' हा शब्द तुझ्या मसुद्यात तीनदा आलाय. तो अर्ज लिहून देणाऱ्या कन्सल्टन्सीवाल्यानं घातलाय हे मला न सांगताही कळलं. त्याला भूजलातलं काय कळतं? त्याच्याकडे सॅम्पल असतं, आणि तेच सॅम्पल तुझ्या आधी त्यानं इतर कितीतरी जणांना दिलेलं असतं.

मी निर्दय आहे असं जुने विद्यार्थी म्हणतात, तुझ्याही कानावर आलं असेल. ठिबक सिंचनावर काम करणाऱ्या एका मुलाला मी वडिलांच्या आत्महत्येवरचा परिच्छेद काढायला लावला होता. तो कित्येक महिने माझ्याशी बोलला नाही. त्याच्या आईनं फोन करून मला सुनावलं, तेही ऐकून घेतलं. आजही मी तेच सांगेन. त्या परिच्छेदानंतर नळ्यांमधल्या दाबाबद्दल कुणी काही वाचूच शकलं नसतं. वाचणारा हळहळला असता आणि पुढचा अर्ज उघडला असता. त्या मुलाला हळहळ नको होती, प्रयोगशाळा हवी होती. त्याला प्रवेश मिळाला म्हणून मी हे म्हणत नाही, मिळाला नसता तरी माझं मत हेच राहिलं असतं. कुणाचं दुःख लहान आहे असं मी कधी म्हटलेलं नाही. ते तिथे चलन म्हणून वापरू नका, एवढंच माझं म्हणणं असतं, आणि त्यावर मला निर्दय म्हणत असतील तर म्हणोत.

खंत आहे ती वेगळ्याच एका मुलीची. विलक्षण हुशार. तीन प्राध्यापकांना खूश करण्यासाठी तिनं तीन विषय एकाच निवेदनात घातले: पूर, गाळ आणि सांडपाणी. तिघांनाही ती आपली वाटली नाही. माझ्याकडे आली ती मार्चमध्ये, सगळीकडून नकार आल्यावर. मार्चमध्ये माणूस काय करणार? तिच्याकडेही खरं तर एकच प्रश्न होता, गाळाचा. मी तो तिच्या तोंडून पाच मिनिटांत काढून घेतला. म्हणून तुला इतकी टोचत बसलेय.

आईबद्दल कुठे लिहायचं, हा तुझा दुसरा प्रश्न. बर्कली, मिशिगन अशी काही विद्यापीठं दोन वेगळी निवेदनं मागतात, एक अभ्यासाच्या हेतूचं आणि एक तुझ्या वाटचालीचं. आई दुसऱ्यात. प्रत्येक ठिकाणची सूचना आणि शब्दमर्यादा नीट वाच, एकच मजकूर सगळीकडे ढकलू नकोस. आणि दोन्ही गोष्टी एकाच पत्रात कशा बसतात ते बघायचं असेल तर आनंदीबाई जोशींनी १८८३ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला लिहिलेलं पत्र शोधून वाच. वय अठरा. आप्तांचा आणि जातीचा विरोध त्यात आहे, पण रडगाणं म्हणून नाही. एवढा विरोध असूनही ज्या निर्धारानं तिला तिथवर आणलं, तो तिला पुढेही उपयोगी पडेल, याचा पुरावा म्हणून तो विरोध येतो. आणि हेतू एकच: पुरुष डॉक्टरांचे उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या इथल्या बायकांना वैद्यकीय मदत मिळावी. १८८६ मध्ये पदवी घेतली तेव्हा प्रबंधही हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावरच होता. सांगितलं तेच केलं. तू मात्र सहाव्या परिच्छेदापर्यंत नुसता परिचयच देत बसलीस.

तिसऱ्या सेमिस्टरची केटी, म्हणजे राहिलेला विषय: एक वाक्य, कारण आणि नंतरचे मार्क, बस्स. त्यावर अख्खा परिच्छेद खर्च केलास तर वाचणाऱ्याच्या लक्षात तीच राहील.

प्राध्यापकांची पाच नावं काढून टाक. त्यातल्या एकांच्या पानावर चक्क एमेरिटस, म्हणजे निवृत्त, असं लिहिलंय, ते आता नवे विद्यार्थी कशाला घेतील? दोनच ठेव, पण त्यांचा एखादा पेपर खरोखर वाचून. तुझ्या विहिरींशी त्याचा काय संबंध लागतो ते तुला दोन ओळींत सांगता आलं पाहिजे. सांगता आलं नाही तर नाव नको.

तुझ्या यादीतल्या एका ठिकाणची मुदत १ डिसेंबर आहे, १५ नव्हे. पोर्टल पुन्हा बघ.

पुढच्या वेळी पूर्ण मसुदा पाठवू नकोस. फक्त पहिला परिच्छेद पाठव. त्यात विहीर हा शब्द नसेल तर तोही नको. मी चिडले तरी फोन उचलते, हे तुला माहीत आहे.

आणि शिफारसपत्राचं. गाइड सर म्हणतील, "तूच लिहून आण, मी सही करतो." लिहून देऊ नकोस. तुझं निवेदन आणि तू लिहिलेलं सरांचं पत्र एकाच सुरात बोलतात, हे लगेच ओळखू येतं. त्याऐवजी एक पान दे: प्रश्न काय, किती विहिरी, किती महिने, आणि मोजमाप चुकलं तेव्हा तू पुन्हा जाऊन काय केलंस. त्यावरून ते लिहितील. मेलवर विसंबू नकोस, सोमवारी प्रॅक्टिकल सुरू व्हायच्या आत त्यांना गाठ. विद्यापीठाकडून येणारी लिंक कॉलेजच्या मेलमध्ये हमखास स्पॅममध्ये जाऊन पडते, तेव्हा समोर बसूनच ती उघडून घे.

तुझी,
मॅडम