घरी सगळं येतं, मग पेपरात गणित का जातं?

दसऱ्याची सुट्टी संपून सहामाहीचे पेपर हातात पडले की मुलांच्या अभ्यासाची अडचण घेऊन माझ्याकडे येणाऱ्या आईवडिलांचं वाक्य ठरलेलं असतं, मॅडम घरात सगळं येतंय हो, पेपरात कसं जातंय काय कळेना. बेळगाव शहरातले असोत, खानापूर बाजूचे असोत नाहीतर निपाणी चिक्कोडीकडनं एसटी पकडून आलेले, सगळ्यांचं तेच. विषय बहुतेक वेळा गणित, त्यातही त्रिकोणमिती, घनफळं आणि वर्गसमीकरणं. तेच तेच परत सांगायला लागतं म्हणून यावेळी एका मुलीची गोष्ट लिहिते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

मुलगी दहावीची, मराठी मिडीयमची, बेळगावजवळच्या एका गावातली. वडील उद्यमबाग या बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत लेथवर टर्नर, म्हणजे मशीनवर फिरणारा धातू कापून घडवणारे, आई घरी ब्लाऊज शिवते. गणितात 80 पैकी 27 पडले होते आणि पोरीनं घरात जाहीर करून टाकलं होतं की पीयूसीला (म्हणजे अकरावी-बारावीला) सायन्स नको, मला जमणार नाही. आईला वाटत होतं मिडीयमचा प्रॉब्लेम आहे, आठवीतच इंग्लिशला घालायला पाहिजे होतं. वडिलांना वाटत होतं मोबाईल. (हे दोन आरोपी प्रत्येक घरात असतात, आणि गणिताच्या बाबतीत माझ्या अनुभवात दोघंही बऱ्याचदा निर्दोष सुटतात.)

पोरीनं वही आणली होती. इतकी सुंदर वही की काय सांगू, प्रत्येक उदाहरण पट्टीनं रेघ मारून, उत्तराला चौकोन, एकही खाडाखोड नाही. मी विचारलं, हे सगळं तू स्वतः सोडवलंस?

"हो मॅडम. रोज दीड तास बसते."

"अडलं तर काय करतेस?"

"गाईडमधे पहिली स्टेप बघते. मग येतंय की पुढचं."

मी काही बोलले नाही. पुढच्या वेळी तिच्याच पुस्तकातली, तिनंच वहीत सोडवलेली तीन उदाहरणं वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून ठेवली. एकात दोन लागोपाठच्या संख्यांचा गुणाकार 306 होता. दुसऱ्यात टॉवरच्या पायापासून 30 मीटरवर उभं राहिल्यावर टोक 30 अंशात दिसत होतं. तिसऱ्यात अर्धगोलावर शंकू बसवलेला होता. म्हटलं यातलं कुठलंही उचल. तिनं 306 वाली चिठ्ठी उचलली, बघत बसली, उलटी करून मागं काही लिहिलंय का बघितलं आणि मग विचारलं,

"मॅडम, हे कुठल्या धड्यातलं?"

या प्रश्नावर मी थांबले, आणि तुम्हीही थांबा असं मला वाटतं, कारण सगळं दुखणं याच्यात आहे. मी तिला म्हटलं, तुला धडा सांगितला तर येईल? म्हणाली हो लगेच. सांगितलं, वर्गसमीकरण. तिनं पाच मिनिटात x गुणिले x अधिक 1 मांडून 17 आणि 18 काढून दाखवले, एक चूक नाही. म्हणजे पोरीला समीकरण सोडवता येत होतं. इथं समीकरण मांडायचंय हे ओळखणं तिच्यावर कधी पडलंच नव्हतं. वहीत प्रत्येक पानावर वर धड्याचं नाव असतं, ते नाव निम्मं काम करून टाकतं, आणि उरलेल्यातली पहिली स्टेप गाईड देतं, तिच्याकडे राहते ती शेवटची आकडेमोड आणि ती बिचारी दीड तास तीच घासत होती. पेपरात प्रश्नांच्या डोक्यावर धड्याचं नाव छापलेलं नसतं.

मी तिला एवढंच म्हटलं, तू पाहिजे तितकी प्रॅक्टिस केलीस, फक्त निवडायची प्रॅक्टिस कुणी तुझ्याकडून करून घेतली नाही. ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, म्हणजे मी ढ नाही? हा प्रश्न तिनं आईकडे बघून विचारला, माझ्याकडे नाही.

आता माझं स्वतःचं मत सांगते, काहीजणांना पटत नाही तरी सांगते. लोक म्हणतात आधी भीती वाटते मग विसरायला होतं, म्हणून आधी भीती घालवा, पोरांना धीर द्या, तू करू शकतोस म्हणा. मी बहुतेक वेळा उलट्या टोकानं धरते. प्रश्न वाचून काय करायचं ते सुचत नाही, त्या रिकाम्या मिनिटात हाताला घाम सुटतो, आणि घाम सुटला की येणारंही जातं. त्यामुळे नुसत्या धीरानं ती भीती जात नाही, त्या मिनिटात करायला हाताला काहीतरी काम द्यावं लागतं. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं 1977 मधे हेच मांडलं होतं की मला जमेल हा विश्वास सगळ्यात जास्त येतो तो स्वतः करून जमल्याच्या अनुभवातनं, दुसऱ्यानं सांगून तितका येत नाही. माझं सगळं काम या एका गोष्टीवर उभं आहे आणि मला त्याचा भरवसा आहे.

पण या पोरीची गोष्ट खरी फिरली ती तिच्या वडिलांमुळे. ते आले की कोपऱ्यात बसायचे, मला काय कळतंय मॅडम, मी आयटीआय केलो, बाकी मशीनवरच शिकलो म्हणायचे. एकदा मी त्यांनाच विचारलं की टेपर कसा काढता, म्हणजे एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक होत जाणारा तुकडा.

"कंपाउंड स्लाईड, म्हणजे हत्यार धरणारा मशीनचा भाग, तो तिरका फिरवतो की."

"किती डिग्री फिरवायची कसं ठरवता?"

"मोठ्या डायातनं बारका वजा करायचा, लांबीनं भागायचं आणि 28.6 नं गुणायचं. उस्तादनं शिकवलंय."

पोरगी मान वर करून म्हणाली, "28.6 च का पप्पा?"

"ते नाही माहीत. पण बरोबर येतंय."

मी कागद पुढे सरकवला. मोठा व्यास 40 मिलीमीटर, बारका 30, लांबी 50. म्हटलं सूत्र नको, धडा नको, नुसतं चित्र काढ आणि काय दिसतंय ते सांग. तिनं तुकडा काढला, मधून तुटक रेघ मारली, मग बराच वेळ पेन्सिल नुसती हातात. आई काहीतरी सांगायला लागली तर वडिलांनीच हात करून थांबवलं. मग पोरीनं वरच्या बाजूला एक चिंचोळा काटकोन त्रिकोण काढला, त्याच्या उभ्या बाजूला 10 लिहिलं, खोडलं, आणि म्हणाली, "10 नाही पप्पा, 5. वरनं 5 कमी झालंय आणि खालनं 5." पाया 50. टॅन म्हणजे उभी बाजू भागिले पाया, 5 भागिले 50, म्हणजे 0.1. पुढे कोन कसा काढायचा ते दहावीत नाही, पण ती तिथं अडून बसली नाही, स्वतःहून म्हणाली की टॅन 30 तर 0.577 असतंय, म्हणजे हा कोन 30 पेक्षा लई लहान. तोपर्यंत वडिलांनी आपल्या पद्धतीनं करून ठेवलं होतं, 10 भागिले 50 म्हणजे 0.2, गुणिले 28.6, उत्तर 5.72. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर 0.1 चा टॅन इन्व्हर्स दाबला तर 5.71.

दोघं एकमेकांकडे बघत होते. वडील म्हणाले, "म्हणजे मी इतकी वर्षं हेच करतोय व्हय?" आणि पोरगी म्हणाली, "हो, तुमच्या 28.6 मधे ते निम्मं करणं आधीच असणार." बरोबर होतं तिचं. लहान कोनाला टॅनची किंमत 57.3 नं गुणली की डिग्री जवळजवळ मिळते, त्याचं निम्मं 28.65. हे तिला माहीत नव्हतं, शाळेतल्या सरांना विचारून आली आणि पुढच्या वेळी मला समजावून सांगितलं. त्या दिवशी तिच्या वहीत पहिल्यांदा खाडाखोड होती. मला ते पान फार आवडलं.

त्यानंतर आम्ही जे केलं ते अगदी साधं आहे आणि घरी कुणालाही करता येईल. जुन्या प्रश्नपत्रिका आणि पुस्तकातले प्रश्न कापून एका डब्यात टाकायचे, सगळे धडे एकत्र. रोज चार-पाच चिठ्ठ्या काढायच्या. पहिल्या आठवड्यात सोडवायचंच नाही, हे ऐकून पालक घाबरतात पण खरंच सोडवायचं नाही, फक्त चित्र काढायचं, काय दिलंय, काय विचारलंय आणि मी कशानं जाणार एवढं लिहायचं. मग पुढच्या आठवड्यापासून पूर्ण सोडवायचं, पुस्तक आणि गाईड दोन्ही बंद, आणि अडलं तर दहा मिनिटं अडू द्यायचं. उत्तर तपासायचं दुसऱ्या दिवशी. चूक झाली तर ती कसली ते एका शब्दात लिहायचं, चिन्ह चुकलं, एकक चुकलं, चित्र चुकलं की निवडच चुकली. या पोरीच्या चुकांत निवड सगळ्यात जास्त होती आणि त्या खालोखाल एककं, सेंटिमीटर आणि मीटर एकाच ओळीत गुणलेले. बीजगणितात कंसाबाहेरचं वजा आतल्या दुसऱ्या पदाला लावायचं राहायचं, ते आठ दिवस मुद्दाम त्याच चिठ्ठ्या टाकून सुटलं.

एककांसाठी मी पाठांतर करून घेत नाही, मोजायला लावते. तिला घरावरची पाण्याची काळी टाकी मोजायला सांगितली, आत बाहेरचा फरक सोडून दे, टेपनं व्यास आणि उंची घे. व्यास 1 मीटर, उंची 1.2 मीटर आली. पहिल्यांदा तिनं उत्तर काढलं 3768 लिटर. मी चूक सांगितली नाही, टाकीवर काय छापलंय बघितलंस का एवढंच विचारलं. छापलं होतं 1000. स्वतःच ओळखलं की त्रिज्येच्या जागी व्यास घातलाय, परत केलं तर 942 लिटर, वरचा घुमट धरला की हजाराच्या आसपास बसतं. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर हे ती आता जन्मात विसरणार नाही. शेतकरी घरातल्या मुलांना मी गुंठा देते, 33 फूट बाय 33 फूट म्हणजे 1089 चौरस फूट, असे 40 गुंठे म्हणजे एकर, आणि आपल्या बांधाचा तुकडा किती गुंठ्याचा ते स्वतः पावलांनी मोजून काढा म्हणते, मग सातबारा नाहीतर आरटीसी (कर्नाटकातला जमिनीचा उतारा) जे घरात असेल त्याच्याशी ताडून बघा.

एक गोष्ट पालकांना मी आधीच बजावते. असं मिसळून केलं की सुरुवातीला जास्त चुकतं. मुलगी रडकुंडीला येते, आई म्हणते आधीचंच बरं होतं. या पोरीचंही तसंच झालं, मधे एकदा आईचा फोन आला की मॅडम आता तर घरातपण येईना. मी म्हटलं चालू ठेवा. अमेरिकेत रोहरर आणि टेलर या दोघांनी 2007 मधे कॉलेजच्या मुलांवर हाच प्रयोग केला होता, तोही वेगवेगळ्या आकारांच्या घनफळांवर. एकेक प्रकार सलग करणाऱ्यांची सरावात 89 टक्के उत्तरं बरोबर, मिसळून करणाऱ्यांची 60. पण आठवड्यानं टेस्ट घेतली तेव्हा मिसळून करणारे 63 वर आणि सलग करणारे 20 वर. घरी येतं पेपरात जातं ते हेच. घरचा 89 बघून आपण खूष होतो.

आणि घरच्यांनी पहिली स्टेप सांगायची नाही, ट्यूशनच्या सरांनाही तसं सांगा. मूल अडलं की आपल्याला बघवत नाही, पण दरवेळी पानात वाढून दिलं तर त्याला वाढून घ्यायची सवय लागणार कशी? विचारायचंच असेल तर किती आलं असं न विचारता आज कुठं अडलं होतंस असं विचारा आणि उत्तर ऐकून घ्या, उपदेश नको.

या पोरीला पूर्वपरीक्षेत 51 पडले. परीक्षेच्या हॉलमधे काय करायचं ते पण आम्ही ठरवून ठेवलं होतं, प्रश्न वाचला आणि काही सुचलं नाही तर डोळे मिटून आठवत बसायचं नाही, पेन्सिल उचलायची आणि चित्र काढायचं, दिलेले आकडे त्याच्यावर लिहायचे. तिनं मला सांगितलं, "दोन प्रश्नांना घाम आला मॅडम, पण चित्र काढेपर्यंत गेला." सायन्स घ्यायचं की नाही ते तिनं अजून ठरवलेलं नाही आणि मी तिच्यावर जोर करणार नाही. कॉमर्स आवडीनं घेत असेल तर चांगलंच आहे, घाबरून घ्यायला नको एवढंच माझं म्हणणं होतं.

सगळ्यांचं दुखणं हेच असतं असं मात्र नाही. मूल लहानपणापासून आकडे उलटे लिहितंय, घड्याळ, सुट्टे पैसे, पाढे यातच अडतंय तर चिठ्ठ्यांचा डबा पुरणार नाही, त्याची नीट तपासणी करून घ्या, आपल्याला धारवाडचं डिमहान्स, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी संस्था, जवळ आहे. आणि पोर जेवत नसेल, झोपत नसेल, मरायच्या गोष्टी बोलत असेल तर गणित त्याच दिवशी बाजूला ठेवा आणि माणसाशी बोला, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो. एसएसएलसी म्हणजे कर्नाटकातली दहावीची परीक्षा 2024 पासून एकाच वर्षात एकापेक्षा जास्त वेळा देता येते, मार्चमधे राहिलं तरी वर्ष जात नाही, हे घरात मोठ्यानं बोला, कारण बऱ्याच पोरांना हे माहीत असूनही घरच्यांच्या तोंडून ऐकायचं असतं.