वडिलांना १५ वर्षांपासून शुगर आहे, दंडावरचा सेन्सर लावावा की आठवड्याचं इंजेक्शन सुरू करावं?

तुम्ही लिहिलंय वडील सत्तरीचे, अंगाने बारीक, ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळ्या चालू आणि एचबीएवनसी ७.४. मी डॉक्टर नाही, परळला राहतो, आईची शुगर बरीच वर्षं सांभाळतोय, त्यावरून सांगतो. आधी सेन्सर लावा, म्हणजे दंडाला चिकटवून दिवसरात्र साखर मोजणारं छोटं यंत्र, तोही एकदाच १४ दिवस. इंजेक्शनचं नंतर बघता येईल.

एचबीएवनसी म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी, त्यात दुपारचे २५० आणि पहाटेचे ५५ दोन्ही झाकले जातात. लॅबवाला सकाळी येतो, रात्री तीनला कोण रक्त घेणार? आईचे फास्टिंग-पीपी (उपाशीपोटीचे आणि जेवणानंतरचे) आकडे कायम बरे यायचे पण सकाळी डोकं जड आणि गाउन घामाने भिजलेला, घरात सगळे म्हणायचे उकाडा आहे. सेन्सर लावला तर पहाटे साखर ६० च्या खाली उतरत होती. डॉक्टरांनी ग्राफ बघून रात्रीची ग्लिमेपिराइड काढली. आणि संकष्टीला तर फारच वाईट, दिवसभर उपास, गोळी मात्र चालूच, त्यामुळे संध्याकाळी घसरण आणि चंद्र बघून जेवल्यावर एकदम २८० च्या वर. हे बोटाला टोचून कधीच कळलं नसतं. म्हाताऱ्या माणसाची साखर खाली जाणं हे जरा जास्त असण्यापेक्षा जास्त घातक, पडले तर खुब्याचं हाड जातं. म्हणून वयस्कर लोकांसाठी साखर ७० च्या खाली असण्याचा वेळ दिवसाच्या १ टक्क्याच्या आत ठेवा असं म्हणतात.

एक लक्षात ठेवा, सेन्सर रक्तातली नाही तर कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून आकडा काही मिनिटं मागे असतो. सेन्सर लावलेल्या हाताच्या कुशीवर झोपलं की तो दबून खोटा लो (साखर खाली गेल्याचा आकडा) पण दाखवतो. शंका आली की ग्लुकोमीटरवर तपासा. पण वडिलांना घाम किंवा थरथर असेल तर मशीन शोधत बसू नका, आधी साखर द्या. आपल्या दमट हवेत सेन्सर निघून येतो, वरून टेप लावा.

आता इंजेक्शन. आठवड्यातून एकदा घ्यायचं मौन्जारो भारतात मार्च २०२५ ला आलं, औषध चांगलंच आहे, पण भूक आणि वजन दोन्ही उतरवतं आणि वजनाबरोबर स्नायूही जातात. बारीक माणसाला तेच तर टिकवायचंय ना! शिवाय ग्लिमेपिराइड तशीच ठेवून सुरू केलं तर लो व्हायची भीती वाढते. त्यापेक्षा लघवीवाटे साखर बाहेर काढणाऱ्या एम्पाग्लिफ्लोझिन या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा. हृदयविकार असलेल्या शुगरच्या पेशंटमध्ये हृदयाने होणारे मृत्यू त्याने कमी होतात हे २०१५ मध्येच दिसलं, पुढे किडनीसाठीही फायदा दिसला, आणि मार्च २०२५ ला पेटंट संपल्यावर आपल्याकडे ही गोळी खूपच स्वस्त झाली. लघवीच्या जागी इन्फेक्शन होऊ शकतं, स्वच्छता आणि पाणी सांभाळायचं, आणि उलट्या-जुलाब झाले किंवा जेवण बंद झालं तर डॉक्टरांना फोन करून थांबवायची.

डॉक्टरांकडे जाताना क्रिएटिनिन आणि लघवीतल्या अल्ब्युमिनचे, म्हणजे किडनीचे, रिपोर्ट न्या. सेन्सरचा ग्राफ पीडीएफमध्ये निघतो त्याची प्रिंट काढा, ओपीडीच्या गर्दीत डॉक्टर तुमचा मोबाईल स्क्रोल करत बसणार नाहीत.