फिलिपिन्सचा मिशन कॉल आलाय, काय नेऊ, मन रमेल का? (उत्तर लांबलंय, माफ कर)

तू विचारलंयस की आपल्या चर्चचा (चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, लोक मॉर्मन म्हणतात ते) २४ महिन्यांचा कॉल, म्हणजे धर्मप्रचाराला जायचं बोलावणं, आलाय, फिलिपिन्सचा, तू पिंपरीचा, घरात तू आणि आई सोडून कुणी चर्चमध्ये नाही, तर काय काय न्यावं, जेवणाचं कसं होतं आणि मन रमतं का. वाचलं तेव्हाच उत्तर द्यायला घेतलं होतं आणि दोनदा खोडलं. आता इथे युटात रात्रीचा दीड वाजलाय, बायको झोपलीये, सकाळी ऑफिस आहे आणि मी टाईप करत बसलोय, म्हणजे बघ.

लसी, व्हिसा, शर्ट किती, टाय कुठला, हे सगळं तुझ्या कॉलबरोबर आलं असेलच, ते मी परत सांगत नाही. फक्त बूट. शिवलेल्या सोलचे घे, चिकटवलेले घेऊ नकोस, तिकडच्या पहिल्या जोरदार पावसात सोल सुटून रस्त्यावर राहतो आणि आपण पुढे जातो, माझं झालंय.

आणि जन्मदाखला आजच काढून बघ, खरंच, हे वाचणं थांबव आणि आधी ते कर. माझा जन्म नगरचा, आजोळी. दाखल्यावर बाळाच्या नावाचा रकानाच कोरा, कारण बारसं नंतर झालं आणि नाव घालायला परत कुणी गेलंच नाही. अठरा वर्षं काही अडलं नाही, मग एकदम अडलं. बाबा आणि मी पुण्याहून एसटीने चार वेळा गेलो. एकदा साहेब रजेवर, एकदा रजिस्टर सापडेना, एकदा शाळेच्या दाखल्याची झेरॉक्स चालत नाही म्हणाले, आणि चौथ्या वेळी खिडकीतला माणूस बाबांना म्हणाला, "आत्ता आठवलं का पोराचं नाव?" बाबा हसले. मला ते हसणं अजून आठवलं की राग येतो, त्या माणसाचा कमी आणि बाबांना हसायला लागलं याचा जास्त. त्यांच्या चार रजा गेल्या. पुढची गंमत म्हणजे तिकडे मधलं नाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव, आणि आपल्या पासपोर्टवर माझं नाव आणि बाबांचं नाव एकाच ओळीत, त्यामुळे तिकडच्या प्रत्येक फॉर्मवर मी वेगळाच माणूस. आणि तो दाखला? मनिलात कुणी उघडूनसुद्धा बघितला नाही.

मी ऑगस्ट २०१८ मध्ये गेलो. त्याच महिन्यात प्रेसिडेंट नेल्सननी, म्हणजे चर्चच्या तेव्हाच्या प्रमुखांनी, सांगितलं की आता मॉर्मन हा शब्द वापरायचा नाही, चर्चचं पूर्ण नाव घ्यायचं. ते पूर्ण नाव टॅगालोगमध्ये, म्हणजे तिकडच्या भाषेत, कुणाच्यातरी गेटबाहेर, आत कुत्रं भुंकत असताना, एका दमात म्हणायला मला पाच-सहा आठवडे लागले. ट्रेनिंग सेंटर केसोन सिटीत, मनिला टेंपलच्या समोर, तिथे सहा आठवडे भाषा. तुला वाटेल सहा आठवड्यांत काय येणार, तर दारात बोलण्यापुरती येते, बाकीची भाषा पोरं शिकवतात, हसून हसून.

दिवस असा असतो. साडेसहाला उठायचं, व्यायाम, नाश्ता, मग आधी एकट्याने अभ्यास, मग कम्पॅनियनबरोबर, म्हणजे जोडीला दिलेल्या दुसऱ्या मिशनरीबरोबर, अभ्यास, दहाच्या आसपास बाहेर, रात्री नऊला घरी, साडेदहाला लाईट बंद. सोमवारी पी-डे, म्हणजे प्रिपरेशन डे, सुट्टी म्हणायची पण ती कपडे धुण्यात जाते, हाताने, बादलीत. दर सहा आठवड्यांनी ट्रान्सफर होऊ शकते, म्हणजे एरिया किंवा कम्पॅनियन बदलतो. हे झालं कागदावरचं. खरं म्हणजे तू दिवसभर चालतोस. गेटबाहेर उभा राहून "ताओ पो!" म्हणतोस, म्हणजे शब्दशः 'माणूस आलाय हो', आपण 'आहे का कोणी घरात' म्हणतो तसंच. आतून "कोणी नाही" असं कोणीतरी ओरडतं. हसू दाबून पुढच्या गेटला जातोस.

जेवणाची काळजी करू नकोस. तीन वेळा भात. सिनिगांग म्हणून एक चिंचेचं आंबट कढण असतं, ते पहिल्यांदा प्यायलो आणि आमटीच्या आठवणीने घशात अडकलं. मिरची मात्र कमी, तेव्हा आईकडून लसणाची चटणी करून ने, पण कम्पॅनियनपासून लपव, माझ्या पहिल्या कम्पॅनियनने, टोंगाचा होता, अर्धी बरणी ब्रेडला लावून चार दिवसांत संपवली. बाथरूममध्ये बादली आणि ताबो, म्हणजे आपला मग्गाच. अमेरिकन पोरं तो हातात धरून गोंधळलेली बघितली की बरं वाटायचं, एका तरी गोष्टीत मी त्यांच्या पुढे होतो. दुकानं आपल्या टपरीसारखी, सारी-सारी म्हणतात, शाम्पूची एक पुडी, एक अंडं, एवढंसं तेल, सगळं सुटं मिळतं.

अवघड जाणार ते वेगळंच. तुझा कम्पॅनियन चोवीस तास तुझ्या नजरेच्या टप्प्यात असणार आणि तू त्याच्या. दार लावून एकटं बसायची जागा म्हणजे फक्त बाथरूम. माझं एकाशी अजिबात पटलं नाही, दोन ट्रान्सफर, म्हणजे बारा आठवडे, तो जेवताना गुणगुणायचा. एवढंच कारण, बाकी मुलगा चांगला होता. बारा आठवडे मी त्या गुणगुणण्यावर मनातल्या मनात चिडत होतो आणि बाहेर जाऊन लोकांना प्रेमाबद्दल सांगत होतो.

एकटेपणाबद्दल विचारलंस. मिशनवर एकटेपणाला वेळच नसतो, तेवढं ते सोड. त्याबद्दल खाली येतोच.

आईचं सांगतो. मी गेलो तेव्हा घरी फोन फक्त नाताळला आणि मदर्स डेला, बाकी आठवड्याला ईमेल. फेब्रुवारी २०१९ मध्ये नियम बदलला, दर आठवड्याला फोन किंवा व्हिडिओ कॉल चालेल म्हणाले. सगळे आनंदाने नाचले. मला खरं सांगायचं तर ईमेलच बरं होतं. ईमेलमध्ये मी शूर होतो. व्हिडिओवर आई पहिल्या मिनिटाला म्हणायची, "गळ्याचं हाड दिसतंय." मग "जेवलास का?" आणि तिकडेही जो भेटेल तो हेच विचारतो, "कुमाईन का ना?", जेवलास का, हीच त्यांची नमस्कार-चमत्काराची पद्धत. तुझ्या आईला आधीच सांगून ठेव की तू बारीक होणार आहेस.

आमच्या घरात वेगळा गुंता होता. आम्ही नगरचे जुने ख्रिस्ती, आज्जी अजून पाळकसाहेबांना सलाम करून मग चर्चमध्ये शिरते. आई-बाबा पुण्यात या चर्चमध्ये आले तेव्हा ती वर्षभर बोलली नव्हती. मी मिशनला निघालो तेव्हा म्हणाली, "१८३१ साली अमेरिकेचे लोक नगरला आले आम्हाला ख्रिस्त सांगायला, आता तू तिसऱ्याच देशात निघालास, ते लोक तर आधीच ख्रिस्ती आहेत ना रे?" मला उत्तर आलं नाही. फिलिपिन्समध्ये घराघरात सांतो निन्योची, म्हणजे बाळ येशूची, मूर्ती बघताना तिचा प्रश्न आठवायचा. अजून आठवतो. तुला हे कोणीतरी विचारेलच, तेव्हा माझ्यासारखा नुसता हसू नकोस.

आता कृतज्ञतेचं, कारण तू लिहिलंयस की सगळे परत आलेले मिशनरी 'खूप ग्रेटफुल आहे' म्हणतात, ते खरं असतं का. मी दर सोमवारी ईमेलच्या शेवटी 'या अनुभवाबद्दल खूप ग्रेटफुल आहे' लिहायचो, जसं पत्राच्या शेवटी कळावे लिहितात तसं. वाटत काही नव्हतं, पाय दुखत असायचे. आपल्याकडे तर घरात कोण थँक्यू म्हणतं, आईला म्हटलं तर ती विचारेल बरं नाहीये का. टॅगालोगमध्ये शब्द आहे 'उतांग ना लोओब', आतलं कर्ज. सलामात, म्हणजे थँक्यू, म्हणून ते फिटत नाही. आपण 'त्यांचं मीठ खाल्लंय' म्हणतो ना, त्याच्या जवळचं.

माझा शेवटचा एरिया कलांबा, लगुना प्रांतात, होसे रिसालचं जन्मगाव. तिथे एक नानाय होती, नानाय म्हणजे आईच. साठीची, नवरा गेलेला, मुलगी दुबईत घरकामाला. मूळची लिपाची, बातंगासची, आणि बातंगासचे लोक कापेंग बाराको पितात, काळी कडक कॉफी, वास असा की रस्त्यावरून मान वळते. आम्हाला चहा-कॉफी दोन्ही नाही. पहिल्या दिवशी तिने कप समोर ठेवला आणि मी नाही म्हटलं. नगरला कुणाच्या घरी चहाला नाही म्हणून बघ म्हणजे तुला कळेल तिचा चेहरा कसा झाला असेल. पुढच्या वेळी गेलो तर तिने आलं उकळून साखर घालून सालाबात करून ठेवलेलं. काही बोलली नाही. मग दर बुधवारी दुपारी आमचं जेवण तिच्याकडे ठरलं. ती चर्चमध्ये कधी आली नाही. एकदा स्पष्ट म्हणाली, "तुमचं ऐकते कारण तुम्ही दोघं भुकेले असता." मला ताप आला तेव्हा तिने लुगाव आणलं, आपली पेजच, आलं घालून, आणि मी खात असताना भिंतीकडे बघत बसली, म्हणजे मला लाज वाटू नये.

१२ जानेवारी २०२०, रविवार, ताल ज्वालामुखी फुटला. संध्याकाळी आकाशातून ओली राख पडत होती, पांढरे शर्ट गटारातून काढल्यासारखे झाले. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावात मास्क संपले. आम्ही आठवडाभर लोकांच्या छपरांवरची राख उतरवली, नानायचं छप्पर पहिलं. तिने कुठून तरी दोन मास्क मिळवून आम्हाला दिले, स्वतः तोंडाला फडकं बांधून फिरत होती. तोच मास्क दोन महिन्यांनी मी विमानात घातला होता.

कारण १५ मार्चला रविवारी रात्री फोन आला, बॅगा भरा. बाहेरदेशच्या सगळ्यांना घरी पाठवतायत. सोमवारी पहाटे गाडी. नानायकडे जायची परवानगी मागावी असं डोक्यातच आलं नाही, मी चार्जर शोधत होतो. मंगळवारी मुंबईत उतरलो आणि त्याच दिवशी दुपारी ३ नंतर फिलिपिन्सहून भारतात यायला बंदी लागली, म्हणजे थोडक्यात सुटलो. एअरपोर्टवर डाव्या हातावर होम क्वारंटाइनचा शिक्का मारला. इथे युटात मिशनरी परत येतात तेव्हा सॉल्ट लेकच्या एअरपोर्टवर फुगे, बॅनर, अख्खं खानदान. मला बाबा लांब उभे राहून हात दाखवत होते आणि मी मागच्या सीटवर बसून पुण्याला आलो, काचा उघड्या ठेवून.

मग चौदा दिवस खोलीत. आई दाराशी ताट ठेवायची, दोन पावलं मागे जायची, मग मी दार उघडायचो. एकोणीस महिने आईला भेटायचं म्हणून दिवस मोजले आणि भेटलो ते दाराच्या फटीतून. पहिल्या रात्री बाजूच्या पलंगावर कोणी नाही म्हणून झोप लागेना. गुणगुणणाऱ्या कम्पॅनियनची आठवण आली, मला, त्याची. बुधवारी दुपारी ताट आलं, वरण-भात, आणि मला एकदम कळलं की आज बुधवार आहे. नानायने भात लावला असेल. दोन ताटं जास्तीची काढली असतील. तुला मन रमेल का विचारायचंय ना, मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की रमलं होतं.

थोड्या दिवसांनी चर्चकडून पर्याय आला, जमेल तेव्हा लवकर परत जा, किंवा वर्ष-दीड वर्षाने. मी दोन्ही घेतले नाहीत. बाबांचा पगार अर्धा झाला होता, हे मी सगळ्यांना सांगतो आणि ते खोटं नाही. पण खरं कारण म्हणजे मला दार लावून झोपायची सवय झाली होती. इथे ज्याला त्याला विचारायची सवय आहे, कुठे सर्व्ह केलंस, किती वर्षं. मी म्हणतो फिलिपिन्स, दोन वर्षं. एकोणीस महिने म्हटलं तरी कोणी काही म्हणणार नाही, कोविडमध्ये किती तरी जण असे परत आले. तरी मी दोन वर्षं म्हणतो. बायकोला माहीत आहे, बाकी तुलाच सांगतोय.

तर न्यायच्या यादीत एक छोटी वही टाक, खिशात मावणारी. ज्यांच्या घरी जेवशील त्यांची नावं आणि पत्ते त्याच दिवशी लिही, फोनवर नको, ते फोन काढून घेतात किंवा बदलतात, माझे तसेच गेले. आणि ट्रान्सफर नसली तरी निघताना नीट निरोप घेत जा. वेड्यासारखं वाटेल, घे.

नानायचा नंबर माझ्याकडे नाही. तिच्या मुलीला दोन वर्षांपूर्वी फेसबुकवर शोधलं, मेसेज लिहिला आणि पाठवला नाही, कारण ती काय उत्तर देईल त्याची भीती वाटते. नानायचं वय बघता कळेल ना तुला. तुला कलांबाच्या आसपास टाकलं तर मला कळव, घर कुठलं ते सांगतो, मार्केटवरून ट्रायसिकलने दहा मिनिटं, हिरवं गेट, पुढे कालामान्सीचं, म्हणजे तिकडच्या छोट्या लिंबाचं, झाड. बुधवारी जा, बाराच्या सुमाराला. कॉफी विचारली तर नाही म्हण, तिला समजेल तू कुठून आलायस.