कुरितिबाचे पोलिश लोक निर्वासित नव्हेत

ऑफिसमधला ब्राझिलियन सहकारी कुरितिबाचा, आडनाव कोवाल्स्की, आजी घरात पोलिश बोलायची, तर हे लोक आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या कॅम्पातल्या पोलिश लोकांसारखे महायुद्धातले निर्वासित का, आणि आता त्याला पोलंडचा पासपोर्ट सहज मिळेल का, असं विचारलंय तुम्ही. मी कामानिमित्त काही वर्षं कुरितिबात होतो म्हणून लिहितो.

निर्वासित नाही हो. युद्धानंतर आलेले काही आहेत, पण खरी गर्दी त्याच्या कितीतरी आधीची. वळिवड्याचे जवळपास ५,००० लोक १९४३ ते ४८ राहिले आणि गेले, हे मात्र जमीन मिळते म्हणून कायमचेच आले, पहिल्या महायुद्धापर्यंत साधारण लाखभर. पहिली तुकडी १८६९ ला दक्षिण ब्राझीलच्या सांता कातारिना प्रांतातल्या ब्रुस्कीला उतरली, तिथे बस्तान बसेना म्हणून १८७१ ला कुरितिबाजवळ पिलारझिन्योला आली. मग लामेन्या लिन्स नावाच्या प्रांताध्यक्षाने शहराभोवतीच वसाहती वसवल्या, आणि ही मला फार हुशारीची गोष्ट वाटते, कारण बाकी ठिकाणी लोकांना जंगलात सोडून दिलं होतं, इथे मात्र शेतकरी भाजीपाला, दूध घोडागाडीत घालून थेट शहरात विकू शकत होता.

१८९० च्या आसपास तर पोलिश खेड्यांत ब्राझीलचा ताप चढला असंच म्हणत. ब्राझील सरकार जहाजाचं भाडं भरत होतं (गुलामगिरी १८८८ ला संपलेली, माणसं हवी होती, आणि खरं सांगायचं तर गोरी माणसं हवी होती). गावात बातमी काय पसरली, तर पराना (कुरितिबा ज्यात येतं तो प्रांत) आजवर धुक्याने झाकलेला होता, मेरीमातेने पोलिश शेतकऱ्याचे हाल बघून ते धुकं बाजूला केलं! वीतभर तुकड्यावर कुटुंब पोसणाऱ्याला हे पटणारच. प्रत्यक्षात जमीन कुणाची नव्हती असं नाही, काइंगांग आणि शोकलेंग आदिवासींना हुसकावून ती मोकळी केली जात होती, हा भाग घरच्या गोष्टींत सहसा येत नाही.

त्यांची घरं बघायची तर कुरितिबात बॉस्की दो पापा नावाची बाग आहे, १९८० ला पोप जॉन पॉल दुसरे (तेही पोलिशच) येऊन गेले त्यानंतर केलेली. जुन्या वसाहतींतली ओंडक्यांची घरं तिथे आणून उभी केलीत. अराउकारिया पाइनचे जाड ओंडके कोपऱ्यात खाचा पाडून एकमेकांत अडकवलेले, वर उतरतं छप्पर, एका घरात तर पोलंडमधल्या चेंस्तोहोवाच्या काळ्या मेरीचं देऊळच केलंय. ईस्टरच्या आदल्या दिवशी लोक टोपल्या घेऊन येतात, रंगवलेली अंडी, ब्रेड, सॉसेज, मीठ, वर भरतकामाचं फडकं, आणि पाद्री पाणी शिंपडतो. पिएरोगी खाऊन बघा, करंजीचा आकार पण उकडलेली, आत बटाटा आणि चीज.

भाषा टिकली ती एकगठ्ठा वस्त्यांमुळे आणि त्यांनी पदरमोड करून चालवलेल्या शाळांमुळे. १९३८ ला ब्राझीलच्या वार्गास सरकारने परकीय भाषेतल्या शाळा बंद केल्या तिथे कंबरडं मोडलं. त्यामुळे आजी बोलायची, नातू फक्त जेवणाचे पदार्थ आणि शिव्या ओळखतो, हे चित्र घरोघरी. लेमिन्स्कीसारखा मोठा कवी याच कुरितिबाचा, वडील पोलिश वंशाचे, आई आफ्रिकन वंशाची, आणि लिहिलं पोर्तुगीजमधे.

आता पासपोर्ट. पणजोबा निघाले तेव्हा पोलंड हा देशच नकाशावर नव्हता, रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने वाटून घेतलेला, त्यामुळे कागदावर रशियन किंवा ऑस्ट्रियन लिहिलेलं असतं. पोलंडचा पहिला नागरिकत्व कायदा १९२० चा, त्याआधी गेलेल्यांच्या वंशजांचं प्रकरण किचकट होतं, पूर्वज खरोखर पोलिश नागरिक होता आणि मधल्या पिढीत ते नागरिकत्व गेलं नाही हे दाखवावं लागतं. तेव्हा त्याला सांगा, वकिलाला पैसे देण्याआधी पणजोबा कुठल्या साली आले ते शोध, आणि कुठल्या वसाहतीत ते कळलं तर तिथल्या चर्चची बाप्तिस्म्याची वही आधी बघ, गावाचं नाव बऱ्याचदा तिथेच सापडतं.