‘सापडत नाहीत’ असे लिहून देऊ नका : घरफोडीनंतर अर्ज आणि एफआयआर यांत फरक आहे

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि नंतर झोप लागली नाही. गणेश चवथीला मूळ घरी गेलात, पाच दिवसांचे विसर्जन करून फ्लॅटवर परतलात तर दाराची कडी उचकटलेली, कपाट उघडे, सासूबाईंचे दागिने आणि एक मोबाईल गेलेला. पोलीस स्थानकावर म्हणाले, ‘साधा अर्ज देऊन ठेवा, बघतो.’ शेजारी म्हणतात पोलिसांच्या नादाला लागू नका. आणि तुम्ही विचारलेय, अर्ज तर दिला, आता वाट पाहायची का.

बाय, वाट पाहू नका. अर्ज म्हणजे तक्रार नोंदली गेली, एफआयआर (पोलिसांकडची गुन्ह्याची पहिली अधिकृत नोंद) झाला, असे नव्हे. हे मला कळायला आठ महिने लागले आणि तोवर जे जायचे ते गेले होते.

आमची गोष्ट २०१७ च्या चवथीची. मूळ घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, राहायला शहरात. कुठल्या शहरात ते मुद्दाम लिहीत नाही, त्या स्थानकाचे नाव इथे यायला नको आहे. सातव्या दिवशी परतलो. दागिने मी बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची, तो डबा पलंगावर उघडा पडला होता आणि आत फक्त कापूस. त्या कापसात सासूबाईंचे सोन्याचे शेवंतीचे फूल असायचे, अंबाड्यात माळायचे. कापसाला फुलाच्या आकाराचा खळगा तसाच होता. फुलाची एक पाकळी कधीतरी तुटलेली, ती सोनाराने डाखून दिली होती, आणि डाख जरा तांबूस दिसायचा. शिवाय दोन पाटल्या, एक साखळी आणि थोडी रोकड गेली.

स्थानकावर ड्युटीला जे होते ते उद्धट मुळीच नव्हते. खुर्ची दिली, पाणी दिले. मग म्हणाले, ‘घर सात दिवस बंद होते, चोरी कधी झाली ते तुम्हाला सांगता येत नाही, बघितलेय कोणी नाही. दागिने गावी नेले नव्हते ना, एकदा नीट शोधा. आता दागिने सापडत नाहीत असा अर्ज द्या. चौकशी करून मग गुन्हा नोंदवू.’

मी तसे लिहून दिले. ‘माझे दागिने सापडत नाहीत, तरी चौकशी व्हावी ही विनंती.’ कडी तुटल्याचा शब्द त्यात नाही, चोरीचा शब्द नाही. खाली सही, वर आवक शिक्का. आमच्या घरी खाकी दिसली की मोठी माणसेसुद्धा उठून उभी राहायची. साहेब सांगतात तर तीच रीत असणार असे मला मनापासून वाटले. यजमान सरकारी नोकरीत, त्यांना वाद नको होता. आम्ही साहेबांचे आभार मानून घरी आलो. घर बघायला कोणी आले नाही. दोनदा विचारायला गेले, दोन्ही वेळा ‘चौकशी चालू आहे’.

पुढच्या एप्रिलमध्ये पेपरात बातमी आली, दुसऱ्या तालुक्यात घरफोड्यांची टोळी पकडली, दागिने जप्त. आम्ही दोघे तिथल्या स्थानकावर गेलो. तिथले उपनिरीक्षक रात्रभर जागे होते हे डोळ्यांवरून कळत होते, तरी त्यांनी बसवून घेतले. पहिलाच प्रश्न, ‘तुमचा गुन्हा क्रमांक काय?’ मी अर्जाची प्रत पुढे केली. त्यांनी ती वाचली, परत वाचली, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘बाई, यात चोरी झाली असे कुठे लिहिलेच नाही.’

मग त्यांनी जे समजावून सांगितले ते तुमच्यासाठी इथे लिहिते. संशयितांनी माल गोव्याबाहेर, चोर्ला घाटापलीकडच्या एका सोनाराला विकल्याचे कबूल केले होते. पथक तिथे गेले तेव्हा त्यांच्या हातात नोंदलेल्या गुन्ह्यांमधल्या दागिन्यांची यादी होती. यादीतले जे ओळखू आले ते आणले. आमचे फूल कोणत्याच यादीत नव्हते, म्हणून कोणी त्याची चौकशीच केली नाही. जप्त मालात दोन पाटल्या मात्र कोणाशी जुळत नव्हत्या. त्या आमच्या निघाल्या, कारण बनवल्याची पावती आणि लग्नातला एक फोटो होता. गुन्हा तेव्हा कुठे नोंदवला गेला. पथक पुन्हा घाट ओलांडून गेले, तोवर फूल वितळवून झाले होते. पाटल्या न्यायालयातून बंधपत्रावर मिळायला चौदा महिने लागले, आणि बचाव पक्षाच्या वकिलाने मला भर न्यायालयात विचारले, ‘तुम्हीच लिहून दिलेत ना, सापडत नाहीत म्हणून?’

आता कायद्याचे. मी वकील नाही, निवृत्त शिक्षिका आहे. जे भोगले आणि नंतर वाचले त्यावरून सांगते, पक्के एखाद्या वकिलाला विचारून करा. घर फोडून चोरी हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितले. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्या कलम १७३ मध्ये तुमच्या कामाचे बरेच आहे. एफआयआरची प्रत तुम्हाला विनामूल्य आणि लगेच मिळायला हवी. हद्द आपली नाही म्हणून परत पाठवता येत नाही. तक्रार इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. स्थानकाने नकार दिला तर तीच माहिती लेखी, पोस्टाने जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पाठवा, आणि तिथेही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. नोंदणीनंतर नव्वद दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे तक्रारदाराला कळवणे आता बंधनकारक आहे.

एक गोष्ट स्थानकातल्या टेबलावर ऐकायला मिळू शकते : ‘नव्या कायद्यात आधी चौदा दिवस प्राथमिक चौकशी असते.’ ती तरतूद आहे, पण तीन वर्षे किंवा जास्त आणि सातपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी, तीही वरिष्ठांच्या परवानगीने. राहत्या घरातल्या चोरीला भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या) कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे माझ्या समजुतीप्रमाणे ती त्यात बसत नाही. हे शांतपणे म्हणा, आवाज चढवू नका.

तुमचा अर्ज गेलाय, हरकत नाही. आजच नवी तक्रार लिहा. सुरुवातीलाच ‘घर फोडून चोरी झाली’ असे स्वच्छ लिहा. आधीच्या अर्जाची तारीख आणि आवक क्रमांक त्यात घाला आणि उशीर का झाला तेही त्याच कागदावर सांगा. हे कारण नंतर सांगितले तर कोणी ऐकत नाही. प्रत्येक दागिन्याची खूण लिहा. ‘सोन्याची साखळी, एक’ एवढ्याने काही ओळखता येत नाही. डाख कुठे, आकडा कोणत्या बाजूचा वाकलाय, आत अक्षर कोरलेय का, हे लिहा. घर झाडले असेल, कपाट लावले असेल तर तेही प्रामाणिकपणे सांगा. तुटलेली कडी मात्र फेकू नका आणि सुताराला आजच बोलावू नका. आधी पंचनामा होऊ द्या.

शेजाऱ्यांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे शेवटी पंचनाम्याची वेळ आली तेव्हा दोन पंच हवे होते. (पंचायतीतले नव्हेत, साक्षीदार म्हणून सही करणारे.) इमारतीत अठरा बिऱ्हाडे. एकाला बीपी, एकाला ऑफिस, एकजण दार उघडून ‘आम्हाला यात ओढू नका’ म्हणाला. शेवटी सकाळी पाव घालायला येणारा पोदेर आणि खालच्या गाड्यावरचा मुलगा उभे राहिले. ‘पोलीस काही करत नाहीत’ हे सर्वांत मोठ्याने म्हणणारी माणसे तीच, ज्यांना एक सही द्यायची नव्हती. पोलिसांना मान देणे म्हणजे त्यांच्यापुढे गप्प बसणे असे मी आयुष्यभर समजत आले. आता मला वाटते, त्यांच्या कामाला उपयोगी पडेल असा कागद देणे, पंच म्हणून उभे राहणे, सीसीटीव्हीचे फुटेज जपून ठेवणे, यात जास्त मान आहे. चवथीला आपण सगळे गावी असतो तेव्हा त्यांच्या रजा बंद असतात, विसर्जनाच्या बंदोबस्तात रात्री दोनपर्यंत उभे असतात. त्या उपनिरीक्षकांनी त्या दिवशी दुपारी अडीचपर्यंत काही खाल्ले नव्हते. मला त्या माणसाबद्दल आजही आदर आहे. आणि पहिल्या स्थानकावरच्या माणसाने आम्हाला फसवले असे नाही म्हणणार, पण त्याने आपल्या रजिस्टरातला एक गुन्हा वाचवला आणि त्याची किंमत आम्ही मोजली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आणखी एक, हे लिहायला जड जाते. तुमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर ‘त्या साइटवरचे कामगार असणार’ असे कोणीतरी लिहिलेय असे तुम्ही म्हणता. आमच्याकडेही तेच झाले. शेजारच्या बांधकामावरचा एक मुलगा, असेल एकोणीस-वीस वर्षांचा, त्याला आमच्या लोकांनी गेटपाशी दोन तास उभे केले, मोबाईल काढून घेतला, कोणीतरी कानाखाली मारलीही. मी गॅलरीतून बघत होते आणि खाली गेले नाही. पुढे पकडलेल्यांत एक आमच्याच तालुक्यातला होता. संशय असेल तर तो तक्रारीत लिहा, त्याचे काय करायचे ते पोलीस ठरवतील. गटावर कोणाचा फोटो टाकू देऊ नका. आणि ज्यांना खरोखर काळजी आहे त्या फ्लॅटमालकांना सांगा, भाडेकरूंची पडताळणी करून घ्या. २०२४ च्या गोव्याच्या कायद्याने ती मालकावर बंधनकारक आहे, नाहीतर दहा हजारांपर्यंत दंड. ती करायला कंटाळायचे आणि रस्त्यावरच्या मजुराला धरायचे, हे मला पटत नाही.

फुटेजचे आजच बघा. बहुतेक डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र) काही दिवसांनी जुन्यावर नवे चढवतात, चवथीचे दिवस तर जाण्याच्या बेतात असतील. सोसायटीकडून लेखी मागा, आणि डीव्हीआरवरची वेळ घड्याळाशी जुळते का तेही लिहून ठेवा. आमच्याकडे ती चाळीस मिनिटे मागे होती आणि त्यावरून पुढे गोंधळ झाला. मोबाईलवर किंवा पेनड्राइव्हवर क्लिप घेऊन फिरू नका, मूळ यंत्र पोलिसांना दाखवा, न्यायालयात त्यासोबत प्रमाणपत्र लागते. गेलेल्या मोबाईलचा आयएमईआय (प्रत्येक मोबाईलचा ओळख क्रमांक) खोक्यावर असेल, सरकारच्या संचार साथी पोर्टलवर त्यावरून मोबाईल बंद करता येतो, पण तिथेही पोलीस तक्रारीची प्रत मागतात. म्हणजे सगळे येऊन त्याच कागदाशी थांबते.

एकट्या जाऊ नका, कोणालातरी बरोबर घ्या, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. मसुदा लिहून झाला की मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, रात्री दहापर्यंत जागी असते. दागिन्यांच्या खुणा इथे उघड मात्र लिहू नका, त्या चोरालाही वाचता येतात.