ई. कोलाय आणि क्लेबसिएला नात्यातले असूनही अँपिसिलिन या प्रतिजैविकासमोर वेगळे का वागतात?
हे दोन्ही जिवाणू एकाच गणातले असले, तरी क्लेबसिएला न्यूमोनिएच्या गुणसूत्रातच अँपिसिलिन तोडणाऱ्या बीटा-लॅक्टमेज विकराचे (एन्झाइमचे) जनुक असल्यामुळे त्याचा प्रतिरोध उपजत असतो, ई. कोलायचा मात्र बहुधा प्लाझ्मिडमार्फत (एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यामार्फत) बाहेरून आलेला असतो. म्युलर-हिंटन अगार या वाढमाध्यमावर जिवाणू पसरून त्यावर १० मायक्रोग्रॅमची अँपिसिलिन चकती ठेवून प्लेट ३५ अंश सेल्सिअसला १६ ते १८ तास ठेवली, की संवेदनशील, म्हणजे औषधाला बळी पडणाऱ्या ई. कोलायच्या प्लेटवर चकतीभोवती १७ मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या व्यासाचे, वाढ नसलेले स्वच्छ वर्तुळ उमटते, तर क्लेबसिएलाची दाट, चिकट वाढ चकतीच्या जवळपर्यंत येते. मात्र दोन वेगळ्या औषधांची वर्तुळे एकमेकांशी ताडून मोठ्या वर्तुळाचे औषध अधिक गुणकारी, असे कृपया ठरवू नका. प्रत्येक माप त्या त्या औषधाच्या ठरलेल्या निकषाशीच पडताळावे लागते.