‘मला वाटतंय’ हा पुरावा आहे का?

या वेळी एका ताईंचं लांबलचक पत्र आलं आहे. थोडक्यात असं: नवऱ्याच्या नोकरीमुळे परदेशात आल्या, वय चाळिशीच्या उंबरठ्यावर, इथल्या शिक्षणाशिवाय काम मिळेना म्हणून बालशिक्षणाच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. घरात दीड वर्षाची मुलगी. सासूबाई रोज व्हिडिओ कॉलवर असतात, आणि मुलगी तान्ही असताना तिला पालथं झोपवण्यावरून झालेला वाद अजून पुरता मिटलेला नाही. मध्यंतरी मुलीला ताप आला. डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे. ताईंना मात्र हे नेहमीचं वाटेना. नवऱ्याने विचारलं, “कशावरून?” तर सांगता येईना. दोन दिवसांनी कानात संसर्ग निघाला. आता त्या विचारतात, “पुस्तक एक सांगतं, सासूबाई दुसरं, माझं मन तिसरं. मी ऐकू कुणाचं? आणि या वयात अभ्यास माझ्या डोक्यात राहील का?”

ताई, ‘कुणाचं ऐकू’ असं विचारलंत की उत्तर म्हणजे घरातल्या कुणाच्या तरी विरुद्ध निकाल होऊन बसतो. त्याऐवजी असं विचारा: हे जे कळलंय ते कशातून कळलंय, आणि ते चुकायचं तेव्हा चूक लगेच लक्षात यायची का?

हा निकष माझ्या पदरचा नाही. डॅनियल कानमन या मानसशास्त्रज्ञाने माणसाचे अंदाज कसे फसतात हे दाखवण्यात हयात घालवली. गॅरी क्लाइन या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने आग विझवणाऱ्या अधिकाऱ्यांचा अभ्यास करून दाखवलं, की अनुभवी माणसाला क्षणात नेमकं उमगतं. मतं दोन टोकांची. दोघांनी वर्षानुवर्षं वाद घातला आणि २००९ मध्ये चक्क एकत्र निबंध लिहिला. त्यांचं एकमत झालं ते दोन अटींवर. ज्या परिस्थितीबद्दल अंदाज करायचा तिच्यात काही नियमितपणा हवा, आणि त्या परिस्थितीत भरपूर सराव झालेला हवा, असा सराव की ज्यात बरोबर की चूक हे लवकर कळत गेलं. माणसाला स्वतःला किती खात्री वाटते, याला दोघांनीही पुरावा मानलं नाही.

हे तुमच्या मुलीला लावून बघा. कोणत्या किरकिरीनंतर तिला झोप येते, कोणत्या रडण्याला नुसतं उचलून घेतलं की पुरतं, याचा तुम्ही दिवसभर अंदाज बांधता आणि दोन मिनिटांत निकाल लागतो. दोन्ही अटी पुऱ्या होतात. म्हणून ‘आज ही नेहमीसारखी नाही’ या एका वाक्यापुरत्या तुमच्याइतकं जाणकार कुणी नाही. ‘हिला काय झालंय’ या वाक्यापुरत्या मात्र तुम्ही जाणकार नाही. ते डॉक्टरांचं काम. पत्रात तुम्ही या दोन वाक्यांची गल्लत केली आहे. ‘मला आधीच कळलं होतं’ असं तुम्ही लिहिता. तुम्हाला कान कळला नव्हता, बदल कळला होता. पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा हा फरक फार कामाला येईल.

याला लगेच मातृहृदय म्हणून मोकळं होऊ नका. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी फ्रान्स आणि काँगो इथल्या आईवडिलांना अनेक बाळांच्या रडण्यातून आपलं बाळ ओळखायला लावलं. आई आणि वडील सारखेच ठरले. फरक पाडणारी गोष्ट एकच निघाली, बाळासोबत रोज घालवलेला वेळ. २०२२ च्या दुसऱ्या एका अभ्यासात असं दिसलं, की बाळ दुखतंय म्हणून रडतंय की नुसतंच वैतागलंय, हे बाळांचा अनुभव नसलेल्या माणसांना ओळखू येत नाही, पण लहान मुलांच्या आईवडिलांना अनोळखी बाळाच्या रडण्यातूनही कळतं. म्हणजे ही देणगी कमी आणि कमाई जास्त. हा परिच्छेद यजमानांना वाचून दाखवा. टोमणा म्हणून नव्हे. बरं, थोडा टोमणा म्हणूनही चालेल.

आता त्यांचा ‘कशावरून?’ हा प्रश्न. तो त्यांनी चिडून विचारला असला तरी प्रश्न रास्त आहे. आपल्या दर्शनकारांनी शतकानुशतकं याच प्रश्नावर वाद घातला. चार्वाकांना एक प्रत्यक्षच, म्हणजे इंद्रियांना जाणवेल तेवढंच, मान्य. नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान (साम्यावरून कळणं) आणि शब्द (भरवशाच्या माणसाचं सांगणं) अशी चार प्रमाणं, म्हणजे ज्ञानाचे मार्ग, मानली. कुमारिल भट्टांच्या परंपरेतल्या मीमांसकांनी आणि अद्वैत वेदान्त्यांनी आणखी दोन धरली, त्यातलं एक अनुपलब्धी. एखादी गोष्ट तिथे नाही हे जे कळतं, तोही ज्ञानाचा एक स्वतंत्र मार्ग आहे, असं त्यांचं म्हणणं. मला वाटतं, आईला जे ‘आतून’ कळतं त्यातलं निम्मं तरी हेच असतं. डॉक्टरांना दहा मिनिटांत मुलीमध्ये जे आहे ते दिसतं: ताप, लाल घसा, श्वासाचा वेग. जे नाही ते त्यांना दिसणार कसं? रोज काय असतं हे त्यांना ठाऊकच नाही. बेल वाजली की धावत सुटणारी पोर आज मान वर करत नाही. आवडतं खेळणं हातात दिलं, तर ती ते नुसती धरून बसते. हे सगळं तुम्ही पाहिलेलं असतं, पण ते शब्दांत उतरलेलं नसतं, म्हणून ‘मला असं वाटतंय’ एवढंच तोंडातून निघतं.

तेव्हा दवाखान्यात जाण्याआधी मोबाइलवर चार ओळी लिहून घ्या, आणि प्रत्येक ओळीत ‘एरवी’ आणि ‘आज’ हे दोन शब्द येऊ द्या. एरवी तापातही खेळते, आज मांडीवरून उतरत नाही. एरवी दिवसात इतक्या वेळा लघवी होते, आज सकाळपासून एकदाच. मागच्या तापात रात्री शांत झोपली होती, आज दर तासाला किंचाळून उठते. निदान सुचवायला जाऊ नका. उठण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा: आणखी काय असू शकतं, आणि काय दिसलं तर वाट न बघता परत यायचं?

परदेशात यात एक जादा अडचण असते. घाबरलेला माणूस परक्या भाषेत तुटक बोलतो, आणि तुटक बोलणाऱ्याचं म्हणणं समोरच्याला उगाच हलकं वाटतं. दुभाषा मागायला लाजू नका. अमेरिकेत केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या रुग्णालयांना ती सोय मोफत करावी लागते. घरातल्या मोठ्या मुलाला दुभाषा म्हणून पुढे करणं मात्र टाळा. तो आपल्या भीतीने निम्मं गाळून सांगतो.

पालकांच्या काळजीला वजन आहे हे आता वैद्यकालाही पटलं आहे. मुलांमधला गंभीर संसर्ग कसा ओळखावा, याचा २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आढावा निघाला. त्यात ‘हे आजारपण वेगळं आहे’ ही पालकांची चिंता धोक्याच्या ठळक खुणांमध्ये धरली आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये २०१३ पासून ‘रायन्स रूल’ आहे, तर इंग्लंडमधल्या रुग्णालयांत २०२४ पासून ‘मार्थाज रूल’ लागू होत गेला. दोन्ही नियम पालकांचं म्हणणं वेळेवर ऐकलं न गेल्याने दगावलेल्या मुलांच्या नावांवरून आले आहेत. दाखल झालेल्या रुग्णाची प्रकृती बिघडते आहे असं घरच्यांना वाटलं आणि उपचार करणारे दाद देत नसतील, तर या नियमांनी त्यांना दुसऱ्या जाणकारांकडून तपासणी मागता येते. अमेरिकेतही बऱ्याच रुग्णालयांत तातडीचं पथक बोलावण्याची मुभा नातेवाइकांना असते. तुम्ही राहता तिथे काय सोय आहे, हे मूल ठणठणीत असताना विचारून ठेवा.

इथवर तुमच्या मनाची बाजू झाली. हेच मन जेव्हा कारण सांगू लागतं तेव्हा त्याला आवरा. लस दिली आणि त्यानंतर मुलात बदल दिसला, हे काही पालकांचं निरीक्षण खरं होतं; लशीमुळे बदल झाला, हा निष्कर्ष चुकीचा होता. गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या लशीचा संबंध ऑटिझमशी जोडू पाहणारा १९९८ चा निबंध ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला, आणि दरम्यान मोठमोठ्या अभ्यासांत असा संबंध आढळला नाही. ज्या वयात ती लस देतात, साधारण त्याच वयात ऑटिझमची लक्षणं नजरेत भरू लागतात. एका घरात बसून हे उलगडत नाही. त्याला हजारो घरं एकदम बघावी लागतात.

सासूबाईंच्या पालथ्या झोपवण्याचंही तेच. त्या म्हणतात, आमची सगळी मुलं तशीच वाढली. खरं आहे. त्या काळी पाश्चात्त्य देशांतले डॉक्टरही पालथंच झोपवायला सांगत होते. पण पालथं झोपवल्याने ज्याचा धोका वाढतो, तो बाळाचा झोपेतला अकस्मात मृत्यू इतका विरळा असतो, की चार मुलं वाढवलेल्या बाईला तो दिसत नाही आणि शंभर मुलं पाहिलेल्या सुईणीलाही बहुधा दिसत नाही. अमेरिकेत १९९० मध्ये दर लाख जन्मांमागे अशी सुमारे १३० बाळं जात. १९९४ मध्ये बाळाला उताणं झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि २०२० पर्यंत तो आकडा ४० च्या खाली आला. इथे अनुभवाला आपली चूक कळायची सोयच नव्हती. सासूबाईंना ‘तुम्हाला काही कळत नाही’ असं न म्हणता हे असंच सांगून बघा. बरीच माणसं आकड्याने नाही पण अपमान टळल्याने ऐकतात.

आणि त्यांचं जे पक्कं आहे ते त्यांच्याकडून जरूर घ्या. बाळ शांत कसं करावं, त्याच्याशी गप्पा कशा मारत राहाव्यात, यात त्यांचा हात तुमच्याआधी बसलेला आहे. भाषेच्या बाबतीत तर त्यांचा रोजचा कॉल मोलाचा आहे. १९८४ मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी हिंदीतला ‘ट’ आणि ‘त’ इंग्रजी घरांतल्या बाळांना ऐकवला. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक ओळखू आला; दहा-बारा महिन्यांच्या बहुतेकांना येईनासा झाला. कानावर जे पडत नाही ते कान सोडून देतात. बरं, नुसता पडदा चालत नाही. २०१४ च्या एका प्रयोगात दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओतून नवी क्रियापदं शिकता आली नाहीत, पण प्रतिसाद देणाऱ्या माणसाशी व्हिडिओ कॉल झाला तेव्हा समोरासमोर शिकावीत तशी शिकता आली. म्हणजे आजी कॉलवर आहे, नात बोट दाखवते आणि आजी त्याच वस्तूबद्दल बोलते, ही शिकवणीच झाली. घरात एकच भाषा बोला, नाहीतर मूल उशिरा बोलेल, असा सल्ला डे-केअरमध्ये कुणी दिलाच तर घाबरू नका. दोन भाषांमुळे भाषाविकास खुंटत नाही. फक्त शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे. तरीही बोलण्यात खरंच काही अडखळतंय असं वाटलं, तर ‘दोन भाषांमुळे होतं असं’ या समजुतीवर थांबू नका, तपासून घ्या.

राहिला तुमचा अभ्यास. चाळिशीत एक गोष्ट नक्की मंदावलेली असते, ती म्हणजे नवी माहिती पचवण्याचा वेग. पण सगळं एकाच वयात उतरणीला लागत नाही. जोशुआ हार्ट्सहॉर्न आणि लॉरा जर्मिन यांनी २०१५ मध्ये हजारो लोकांच्या चाचण्या तपासल्या. दुसऱ्याच्या डोळ्यांतली भावना ओळखण्याची क्षमता चाळिशी-पन्नाशीत ऐन भरात होती आणि शब्दसंपत्ती साठीनंतरही वाढती. बालशिक्षण शिकणाऱ्या बाईला यापेक्षा काय हवं?

तुम्ही धडा चार-चार वेळा वाचता असं लिहिलंय, ते मात्र बंद करा. रोएडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रांत वाचून काढला, दुसऱ्याने एका सत्रात वाचला आणि पुढची तिन्ही सत्रं न बघता आठवून लिहिलं. आठवड्याने वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. गंमत म्हणजे आपल्याला चांगलं आठवेल असा भरवसा वाचणाऱ्यांनाच जास्त होता. म्हणून एकदा वाचा, पुस्तक मिटा, भांडी घासताना मनात मराठीत उजळणी करा, मग इंग्रजीत लिहून पुस्तकाशी ताडून बघा. पुढची उजळणी दोन-तीन दिवसांनी, थोडं विसरायला लागल्यावर.

असाइनमेंटमध्ये स्वतःच्या मुलीबद्दल लिहावं का, असंही तुम्ही विचारलंय. लिहा, पण ‘मी आई आहे, म्हणून मला माहीत आहे’ या सुरात नको. १९८० च्या दशकात चार अमेरिकन संशोधिकांनी १३५ स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. काही जणी अधिकारी माणसाचा शब्द तेवढा खरा मानत, काही फक्त आतल्या आवाजाला मानत, आणि काहींनी दोन्ही समोरासमोर बसवून स्वतःचं काही तयार केलं होतं. परीक्षकाला हा तिसरा प्रकार हवा असतो. मुलीचं निरीक्षण मांडा, पुस्तकातला सिद्धान्त त्याला कुठे जुळतो आणि कुठे अडतो ते लिहा.

आणखी एक. भारतातली पदवी, तिथे केलेलं शिकवण्याचं काम, मंडळातल्या मुलांसाठी घेतलेले वर्ग, हे सगळं एका कागदावर तारखांसह काढून कॉलेजला विचारा, की आधीच्या शिक्षणाची मान्यता मिळते का. ऑस्ट्रेलियात व्यावसायिक अभ्यासक्रमांना अशी सोय आहे आणि तिच्यात अनौपचारिक शिकणंही धरलं जातं. फ्रान्समध्ये २००२ पासून अनुभवावर अख्खी पदवी मिळवता येते. इतर अनेक देशांतही याचं काही ना काही रूप आहे. अर्ज मात्र विषय निवडण्याआधी करा. वर्ग सुरू झाल्यावर सूट मिळवणं कठीण जातं.